वज्रसिंगचा पट्टा

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी अमोलच्या स्पेअर पार्टच्या दुकानावरच्या माडीत चार मोठी माणसं बाहुल्यांवरून भांडतात, हे नागपूरच्या महाल भागातल्या त्या गल्लीला एव्हाना ठाऊक झालं होतं. ‘बाहुल्या’ म्हटलेलं त्या चौघांना खपत नसे. ‘ॲक्शन फिगर’ म्हणायचं. पण खालचा पोहेवाला काही ऐकणाऱ्यातला नव्हता. “खेळण्यावाल्यांच्या चार, तर्री जास्त!” असं तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचा, आणि विश्वनाथचे कान दर वेळी गरम व्हायचे. ही लाज किती किरकोळ होती, हे त्याला पुढे कळलं.

विश्वनाथ बावन्न वर्षांचा. सरकारी कचेरीत आरेखक. कागदावर केसभर चुकलेली रेघ त्याला दोन टेबलं पलीकडून दिसायची, आणि दिसली की सांगितल्याशिवाय राहवायचं नाही. अशा माणसाला घरात फारसं कोणी विचारत नाही. माडीवर मात्र त्याचा शब्द शेवटचा होता.

त्या रविवारी टेबलावर नवा वज्रसिंग होता.

जुना वज्रसिंग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला नागपुरात हा नऊ इंची प्लास्टिकचा पहिलवान मिळायचा. डोक्यावर शिरस्त्राण, पिळदार मिशा, कमरेला रुंद पट्टा. कंबर पिळून सोडली की आतली स्प्रिंग त्याला गर्रकन फिरवायची आणि त्याचा उजवा हात समोरच्याच्या थोबाडीत बसायचा. दोन-तीन वर्षं विकला गेला आणि मग परदेशी खेळण्यांपुढे बंद पडला. आता पस्तीस-छत्तीस वर्षांनी, ज्या कन्हानच्या कारखान्यात तो तयार व्हायचा तिथल्या मालकाच्या मुलीनं, मेघानं, जुने साचे साफ करून तो पुन्हा काढला होता. कंपनीचं नाव ‘पतंगा टॉईज’. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं : ‘जसा होता तसा!’

“बावीसशे रुपये!” अमोल म्हणाला. “अबे, बावीसशेत माझ्याकडे स्कूटरची अख्खी क्लच प्लेट बसवून भेटते. मजुरीसकट.”

“क्लच प्लेट कपाटात ठेवून बघत बसतोस का तू?” श्वेतानं विचारलं. ती दातांची डॉक्टर, माडीवरची एकटी बाई, आणि चौघांत हात सर्वांत नाजूक. “माल चांगला आहे. साच्याची शिवण बघ, घासून साफ केलेली आहे. मी दिवसभर हेच घासत असते, मला सांगू नका. गुडघा तेवढा ढिला आहे.”

“गुडघा माझाही ढिला आहे, मले कोणी बावीसशे देत नाही.”

ऋषिकेश मोबाईल ट्रायपॉडवर लावत होता. अठ्ठावीस वर्षांचा, कॉम्प्युटर कंपनीत नोकरी, आणि गटाचा यूट्यूब चॅनल तो चालवायचा. “माल नाही, किंमत नाही, मार्केटिंग गंडलंय,” तो म्हणाला. “‘जसा होता तसा’ लिहिलंत की झालं! लोक फूटपट्टी घेऊनच बसणार ना.”

“लोक कुठले? एकच माणूस बसते.”

सगळ्यांनी विश्वनाथकडे पाहिलं.

“फूटपट्टी नाही,” विश्वनाथ म्हणाला. “व्हर्निअर.”

आणि त्यानं पिशवीतून मऊ पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली आपली वस्तू काढली. खरा, जुना वज्रसिंग. नागपुरात असे पाच-सहा उरले असतील. अमोलकडच्याला एक हात नव्हता, श्वेताकडच्याचे रंग उडालेले. विश्वनाथचा मात्र डोक्यापासून बुटापर्यंत शाबूत, विशेषतः पट्टा. जुन्या वज्रसिंगचा रंग सगळ्यांत आधी पट्ट्यावरून जायचा, कारण पोरं कंबर धरूनच पिळायची. विश्वनाथच्या वज्रसिंगचा पट्टा अजून ओल्यासारखा चकाकत होता. लालभडक. त्याची कंबर गेल्या वीस वर्षांत कोणी पिळली नव्हती. जुना सांधा हलवायचा नाही, हा जमवणाऱ्यांचा पहिला नियम.

नव्याचा पट्टा निळा होता.

विश्वनाथनं दोन्ही शेजारी उभे केले. केसभर फरक दाखवणाऱ्या व्हर्निअरनं उंची मोजली, खांदे मोजले, मिशांचा पल्ला मोजला. सगळं जुळलं. मग तो थांबला. थांबायचं कुठं, हे त्याला बरोबर कळायचं.

“साचा खरा आहे,” तो मोबाईलकडे बघत म्हणाला. “पण ‘जसा होता तसा’ म्हणायचं आणि पट्टाच चुकवायचा? हा पट्टा लाल होता. मला स्पष्ट आठवतं. आणि माझं आठवणं सोडा, ही वस्तू समोर आहे. माणूस चुकतो. वस्तू खोटं बोलत नाही.”

“माझ्याकडच्यावर किंचित निळसर काहीतरी दिसतं पण,” श्वेता म्हणाली.

“जुन्या लाल रंगावर निळसर झाक चढते. हवेनं.”

असं काही चढतं की नाही, विश्वनाथला माहीत नव्हतं. पण ते त्याच्या तोंडून इतकं सरळ आलं की श्वेतानं तो विषय सोडला, आणि ऋषिकेशनं अंगठा वर केला.

व्हिडिओ गटाच्या मानानं जोरात चालला. खाली लोकांनी लिहिलं : फसवणूक. कॉपी. पैसे परत द्या. एकानं लिहिलं, नावात पतंग आणि कटली पहिल्याच दिवशी. विश्वनाथनं ते वैदेहीला, बायकोला, दोनदा वाचून दाखवलं. ती मटार सोलत होती. “कोणाची कटली म्हणे?” तिनं विचारलं, आणि तो जरा चिडलाच.

*

चौथ्या दिवशी मेघा घरी आली. चौतीस-पस्तिशीची, उन्हानं रापलेली, ओढणीवर निळ्या रंगाचा एक वाळलेला थेंब. सोफ्याच्या अगदी कडेला बसली.

“सर, मी भांडायले नाही आली,” ती म्हणाली. “तुमचा जुना पीस पाहाले आली. आमच्याकडं एकही नाही. बाबा म्हणतात, विकायची वस्तू घरी कोण ठेवते? रंगाची वही होती, ते वाळवीनं खाल्ली. बाबांच्या ध्यानातनंच रंग लावले सगळे.”

विश्वनाथनं वज्रसिंग दाखवला. हातात दिला नाही, फडक्यावर ठेवूनच दाखवला. मेघा वाकून खूप वेळ पाहत राहिली.

“लालच आहे,” ती हळूच म्हणाली. “बाबा तर शपथ घेऊन सांगून राहिले निळाच म्हणून. म्हणतात, मी माह्या हातानं हजारो पट्टे बुडवले. काल जेवलेच नाही.”

“किती वय त्यांचं?”

“अठ्ठ्याहत्तर.”

विश्वनाथनं आवाज मऊ केला. हा आवाज त्याला पुढे फार दिवस ऐकू येत राहिला. “ताई, या वयात होतं असं. माणसाला अगदी खात्री वाटते, आणि नेमकं तेच चुकलेलं असतं. त्यांच्याशी वाद घालू नका. पण धंद्याच्या गोष्टी आता त्यांच्या आठवणीवर सोडू नका.”

मेघानं मान हलवली. जाताना तिनं वज्रसिंगचा मोबाईलवर फोटो काढला, परवानगी घेऊन.

दोन महिन्यांनी कुरिअरनं खोकं आलं. नवा वज्रसिंग, लाल पट्टा. पाठीमागे बारीक अक्षरांत विश्वनाथचं पूर्ण नाव छापलेलं, आणि पुढे : ‘यांच्या संग्रहातील मूळ वस्तूवरून’. सोबत चिठ्ठी होती. गोदामातले तीनशे पट्टे पुसून पुन्हा रंगवले. चूक दाखवल्याबद्दल आभार.

विश्वनाथनं खोकं कपाटात पाठमोरं ठेवलं, म्हणजे नाव दिसावं.

*

डिसेंबरात सुमती आली. विश्वनाथची धाकटी बहीण, त्याच्याहून पाच वर्षांनी लहान, लग्न होऊन नरखेडला गेलेली. तीस वर्षांत तिची बोली नरखेडची होऊन गेली होती. डोळे तपासायचे होते म्हणून सकाळच्या एसटीनं आली, संत्र्याची थैली घेऊन. चहा हातात घेऊन घरभर फिरायची तिची सवय. फिरता फिरता कपाटाच्या काचेपाशी थांबली आणि असं ओरडली की वैदेही स्वयंपाकघरातून पळत आली.

“दादा! माहा नवरदेव अजून आहे काय गा?”

“कोण नवरदेव?”

“हा नं, मिशीवाला! वहिनी, यानं मले हात नाही लावू दिला कधी. पेटीले कुलूप लावून शाळेत जाये. मी मागची कडी खिळ्यानं उचकवत होती.” सुमतीनं कपाट उघडलंसुद्धा. “माह्या बाहुलीचं लग्न होतं. नवरदेव तर पाहिजे? पण निळ्या पट्ट्याचा नवरदेव कुठं असते काय? लाल शेला नको? आईची नेलपॉलिश होती, मावशीच्या लग्नात घेतलेली. दोन हात मारले. बघ नं, कशी टिकली! आईची वस्तूच तशी होती.”

वैदेही हसायला लागली. सुमती तर हसतच होती. “आठ दिवस लपून फिरली मी, दादाले समजलं तर मारते म्हणून. आणि याले समजलंच नाही! तेव्हा याचं ध्यान क्रिकेटमध्ये होतं.”

विश्वनाथही हसला. हसण्याजोगा चेहरा करायला त्याला पुरते तीन-चार क्षण लागले.

सुमती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्यावर तो आतल्या खोलीत गेला, दार लोटलं, आणि वज्रसिंगला दोन्ही हातांत धरलं. वीस वर्षं मोडलेला नव्हता तो नियम त्यानं मोडला. कंबर पिळली. किर्र असा आवाज झाला आणि धड केसभर वर उचललं गेलं. त्या फटीत, पट्ट्याच्या आतल्या काठावर, जिथं नऊ वर्षांच्या पोरीच्या हातातली छोटी कुंचली पोहोचणार नव्हती, तिथं निळा रंग होता. स्वच्छ, ताजा, नुकता बुडवून काढल्यासारखा.

वस्तू खरंच खोटं बोलत नव्हती. त्यानं तिला कधी विचारलंच नव्हतं.

मला स्पष्ट आठवतं, असं तो म्हणाला होता. आणि आठवतही होतं, हीच तर गोष्ट होती. लाल पट्टा, आईनं पुसलेल्या फरशीवर उभा. त्याला ते आत्ताही दिसत होतं. एका म्हाताऱ्याबद्दल तो म्हणाला होता की असं वाटतं या वयात, आणि स्वतः बावन्नाव्या वर्षी तेच करून बसला होता.

संध्याकाळी त्यानं गटावर निरोप लिहिला. लिहायला तास लागला.

‘मित्रहो, वज्रसिंगच्या पट्ट्याबाबत मी पुन्हा बारकाईनं निरीक्षण केलं असता, आतल्या थरात निळ्या रंगाचे अंश आढळले आहेत. त्यावरून मूळ रंगसंगतीबद्दल पुनर्विचार करावा लागेल असं दिसतं. लाल थर नंतरच्या काळातला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’

वैदेहीनं त्याच्या खांद्यावरून वाचलं. “एवढं लांबण कशाला?” ती म्हणाली. “बहिणीची नेलपॉलिश होती. एका ओळीची तर गोष्ट आहे.”

त्यानं लांबणच पाठवलं.

मग जे झालं ते त्याच्या अपेक्षेपेक्षा वाईट होतं. त्याचं कौतुक झालं. ‘सर, स्वतःचंच मत असं तपासायला मोठं मन लागतं,’ ऋषिकेशनं लिहिलं. अमोलनं हात जोडलेली चित्रं ओळीनं सहा टाकली. बाहेरगावच्या कोणी लिहिलं, याला म्हणतात खरा अभ्यासक. पाठोपाठ ऋषिकेश पुन्हा : ‘म्हणजे लाल पट्टेवाले तीनशेच! चुकीचा माल सगळ्यात महाग जातो. उचला लवकर!’ आणि अमोलचं : ‘बावीसशेला स्वस्त वाटून राहिला आता.’

श्वेतानं एवढंच विचारलं : ‘मग माझ्याकडचा निळसर, तो निळाच होता?’

विश्वनाथनं ते वाचलं आणि मोबाईल पालथा ठेवला. पालथा ठेवूनही तो मधूनमधून थरथरत होता, आणि दर थरथरीला कोणीतरी त्याला मोठ्या मनाचा म्हणत असणार, या कल्पनेनं त्याला जेवण गेलं नाही.

*

शनिवारी सकाळी तो स्कूटरनं कन्हानला गेला. फोन करून जावं असं त्याला वाटलं होतं. पण फोनवर त्याला पुन्हा ‘अंश’ आणि ‘थर’ असंच बोलता आलं असतं, हे तो आता ओळखून होता.

कारखाना म्हणजे टिनाची शेड. एका बाजूला साच्यांचं यंत्र, दुसऱ्या बाजूला लांब टेबल, आणि टेबलाशी एक प्रौढ बाई वज्रसिंगच्या मिशा रंगवत बसलेली. दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत पांढऱ्या बंडीतला म्हातारा होता. त्यानं डोळे बारीक करून पाहिलं आणि एकदम उठला.

“पट्ट्यावाले साहेब नं? व्हिडिओत पाहिलं तुमाले. या, या जी! मी नत्थू. मेघा कुरिअरवाल्याकडं गेली, येतेच. रुखमाबाई, खुर्ची दे वं साहेबाले!”

विश्वनाथ बसला. पिशवी मांडीवर घट्ट धरून. नत्थूजींनी स्वतः स्टोव्हवर चहा ठेवला. पातेल्यात बघत थोडा वेळ उभे राहिले. “साखर टाकली काय वं मी?” त्यांनी रुखमाबाईला विचारलं.

“टाकली नं बाबा. आत्ताच टाकली.”

“पक्कं?”

“पक्कं.”

नत्थूजी हसले, जरा शरमून. “आता सगळंच विचारून घेतो मी,” ते विश्वनाथला म्हणाले. “ते पट्ट्याचं झालं तेव्हापासून. साहेब, तुमची माफी मागाची होती मले. पोरीले इतका नडलो मी, निळाच, निळाच म्हणून. जेवलो नाही दोन दिवस. आणि निघाला लाल. मले अजूनही डोळे मिटले की निळाच दिसते हो! डब्बा दिसते, डब्ब्यावरचं झाकण दिसते. म्हणून घाबरलो. जे इतकं साफ दिसते तेच खोटं, तर मंग बाकीचं काय? साच्याचं तापमान सांगाचं सोडलं मी. चाव्या मेघाले देऊन टाकल्या. उगाच माह्यामुळं तिचं नुकसान काहून?”

चहा आला. रुखमाबाईनं कप पुढे केला तेव्हा तिची बोटं दिसली. टोकांची कातडी सोलवटून पांढरी पडलेली.

“थिनरनं झालं,” तिनं त्याची नजर पाहून सांगितलं. “तीनशे पट्टे पुसले नं. पुसल्याशिवाय वरतून लाल बसत नव्हता. येते आता हळूहळू कातडं.”

विश्वनाथला वाटलं, उठावं आणि जावं. स्कूटर दारातच होती. लाल पट्टेवाले सगळे विकले जाणार होते. मेघाचं नुकसान झालंच नसतं, उलट फायदा. कोणी त्याला काही विचारलं नसतं. पण म्हातारा कपातल्या चहाकडे असा बघत होता, जणू तोसुद्धा चहा आहे की नाही हे कोणीतरी सांगायला हवं.

“नत्थूजी,” तो म्हणाला, “पट्टा निळाच होता.”

म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. “ऑं?”

“निळाच होता. तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं. माझ्या बहिणीनं लहानपणी त्याच्यावर नेलपॉलिश लावली होती. बाहुलीच्या लग्नासाठी. मी बघितलंच नाही कधी. न बघता बोललो.”

पिशवीतून त्यानं वज्रसिंग काढला आणि फडक्याशिवाय म्हाताऱ्याच्या हातात दिला. नत्थूजींनी तो उलटासुलटा केला. अंगठ्यानं लाल पट्टा चाचपला, नखानं टिचकी मारून ऐकला. मग जमवणाऱ्यांपैकी कोणी पाहिलं असतं तर किंचाळलं असतं अशा सहजतेनं कंबर पिळली, फटीत डोकावले, आणि तसंच धरून बसून राहिले.

“रुखमाबाई, चष्मा.”

चष्मा लावून पुन्हा डोकावले.

“माहाच आहे,” ते म्हणाले. “वरचा काठ बुडवून मंग धड बसवत होतो आम्ही. रंग उडू नये म्हणून. हे कोणालेच माहीत नव्हतं, मी अन् माहा भाऊ सोडून.” मग थोड्या वेळानं, “बहीण किती वर्षांची होती?”

“नऊ.”

“हात साफ आहे तिचा. रेघ कुठंच बाहेर गेली नाही.”

त्यांनी वज्रसिंग टेबलावर विश्वनाथच्या समोर उभा केला आणि बोटं सोडली. गर्रकन फिरून पहिलवानाचा हात विश्वनाथच्या कपावरच्या बोटांवर सणकन बसला. चहा टेबलावर सांडला. रुखमाबाईनं तोंडाला पदर लावला.

“स्प्रिंग चांगली आहे अजून,” नत्थूजी म्हणाले. ते हसत नव्हते. “आता हे मेघाले सांगा. माह्यासमोर सांगा. मी सांगतलं तर तिले वाटन बाबा पुन्हा सुरू झाले.”

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. मेघा आत आली ती हसतच. “सर! कधी आले? ऋषिकेशचा फोन होता, लाल पट्ट्याचे चाळीस पीस एकदम मागतले कोणी. म्हणे, सरांनी काही नवीन शोध लावला.”

“शोध नाही,” विश्वनाथ म्हणाला, आणि दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं. पहिल्यापेक्षा अवघड गेलं, कारण नेलपॉलिश म्हणताना मेघा त्याच्याकडे बघतच नव्हती, बापाकडे बघत होती.

तिनं गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. मग म्हणाली, “मी बाबांले डॉक्टरकडं नेलं, सर. डोक्याच्या. त्यानं विचारलं, आज कोणता वार, तुमच्या पोरीचं नाव काय. बाबांनी माहं नाव सांगतलं अन् मले विचारलं, बरोबर आहे काय वं?” तिनं ओढणीच्या टोकानं टेबलावर सांडलेला चहा पुसला, उगाचच. “तुम्ही तर परके. तुमाले काय म्हणू? बापाचं न ऐकता फोटोचं ऐकलं ते मीच नं.”

“नाही ताई, मी सांगितलं म्हणून—”

“हो, तुम्ही सांगतलं म्हणून.” ती पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. “जिथं सांगतलं तिथंच आता हे सांगा. तो जो गटावर टाकला निरोप, तो ऋषिकेशनं मलेही पाठवला. मी तीनदा वाचला. मले त्यात काही समजलंच नाही.”

तिनं मोबाईल काढला आणि रंगाच्या डब्ब्याला टेकवून उभा केला.

“बोला.”

विश्वनाथनं वज्रसिंग हातात घेतला. घसा साफ केला. “नमस्कार. मागच्या व्हिडिओत मांडलेल्या निष्कर्षात संदर्भाची एक त्रुटी—”

मेघानं मोबाईल बंद केला. “पुन्हा.”

“नमस्कार. मी मागच्या वेळी जे म्हणालो, त्यात काही बाबी नजरचुकीनं—”

“पुन्हा. रुखमाबाईले समजन असं बोला.”

रुखमाबाईनं कुंचली खाली ठेवली आणि ऐकायला हात मांडीवर घेतले. सोलवटलेली बोटं वर करून. विश्वनाथ त्या बोटांकडे बघत बोलला, मोबाईलकडे बघायचं त्याला जमलं नाही.

“पट्टा निळा होता. नत्थूजी पहिल्यापासून खरं सांगत होते. माझ्याकडचा लाल रंग माझ्या बहिणीच्या नेलपॉलिशचा आहे. मी कंबर एकदाही फिरवून पाहिली नाही आणि म्हाताऱ्या माणसाला विसरभोळा ठरवलं. श्वेतानं मला टोकलं होतं, तिलाही मी मनानंच काहीतरी ठोकून दिलं. लाल पट्टा म्हणजे काही दुर्मिळ नाही, माझी चूक आहे. जास्त पैसे देऊन कोणी घेऊ नका. माझं चुकलं.”

मेघानं बोट लावून मोबाईल बंद केला. मग तिथंच उभ्यानं ते पाठवून दिलं, ऋषिकेशला, चॅनलसाठी. विश्वनाथच्या खिशातला मोबाईल लगेचच थरथरला. त्यानं तो काढला नाही. खालचा पोहेवालासुद्धा हे बघेल, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि कान पुन्हा गरम झाले.

नत्थूजी केव्हाच टेबलापाशी गेले होते. त्यांनी एक लाल पट्टेवाला उचलून उजेडात धरला, खाली ठेवला, आणि मांडणीवरचे डब्बे बाजूला सारून मागचा निळ्याचा डब्बा ओढून काढला. झाकण न उघडताच तो मेघाच्या हातात दिला.

“हा,” ते म्हणाले.

मग खुर्चीत येऊन बसले. निवलेल्या चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“साखर कमी आहे वं,” ते म्हणाले. विचारलं नाही. सांगितलं.

मेघा डब्बा हातात तसाच धरून साखरेचा पुडा आणायला गेली. विश्वनाथनं आपला कप तोंडाला लावला. त्याला तो गोड लागला. पण हे तो बोलला नाही.